आधी खिडकी

राग आला म्हणून हात उचलला, असं म्हणायची सोय राहिली नव्हती, कारण तिने आधी खिडकी लावली होती. हे तिच्या ध्यानात आलं ते नंतर, बेसिनपाशी उभं राहून केसांच्या ब्रशला लागलेलं रक्त धुताना. स्वयंपाकघर एकाएकी कोंदट वाटायला लागलं, समोरच्या गॅरेजातली नेहमीची ठोकाठोक ऐकू येईना, म्हणून तिने वर पाहिलं, तर खिडकी बंद. कडीसुद्धा घातलेली. ती कडी मुलखाची हट्टी. अंगठ्याने रेटायची आणि वर तळहाताचा एक दणका द्यायचा, तेव्हा कुठे बसते. म्हणजे रेटली असणार, दणकाही दिला असणार. लेक बोलली, मग ती स्वतः लेकीच्या खुर्चीमागून निघून ओट्यापर्यंत गेली, कडी घातली, परत आली, आणि मग मारलं. रागाने आंधळा झालेला माणूस कडीशी झटापट करत बसत नाही. तिने अंगठा पाहिला. तो अजून लाल होता.

झालं होतं एवढंच. संध्याकाळी वसाहतीच्या सभागृहात आईची स्मरणसभा होती आणि मुलगी म्हणून तिला चार शब्द बोलायचे होते. लेकीचे केस विंचरता विंचरता ती ते शब्द घोकत होती. "माझी आई साऱ्या वसाहतीची ताई होती, पण माझी तर ती सावलीच होती," असं एक वाक्य तिने जमवलं होतं आणि ते तिला बरं वाटत होतं.

"हे खोटं आहे," लेक म्हणाली. पाठमोरीच, सहज.

"काय खोटं?"

"सावली वगैरे. आजी खोलीत आली की तू काहीतरी निमित्त काढून उठायचीस. मी बघितलंय ना."

तेरा वर्षांची पोर. खरं बोलली. आणि खरं बोलली म्हणूनच ब्रशची लाकडी पाठ तिच्या कानावर बसली, एकदा, आणि कानातल्या रिंगेने पाळी चिरली, आणि दुसऱ्यांदा बसली ती मानेवर. लेक ओरडली नाही. तिने नुसता कान धरला आणि ती खुर्चीत आक्रसून बसली, इतकी लहान होऊन की ती खुर्ची तिला मोठी झाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणारं माणूस अजून कुणीतरी येईल या आशेवर असतं. मग बर्फ निघाला, तो रुमालात बांधला गेला, कापूस आला, चिकटपट्टी आली, सगळं कसं बिनबोभाट, हाताखालच्या कामासारखं. "कुठे दुखतंय?" असं तिने विचारलं आणि स्वतःचा तो मऊ आवाज ऐकून बर्फ धरलेला हात मागे घेतला. तो आवाज तिचा नव्हता. तो तिने आयुष्यभर ऐकला होता.

लेक झाली तेव्हा हॉस्पिटलच्या खाटेवर तिने मनाशी ठरवलं होतं, की या अंगावर आपला हात पडणार नाही. तेरा वर्षं पडला नाही, असा तिचा हिशेब होता. नवरा परगावी नोकरीला, महिन्यातून एकदा दोन दिवसांसाठी येणार. घरात त्या दोघीच. पण हात पडला नाही म्हणजे काय? पेले फुटले होते. एकदा दुधाचं भांडं भिंतीवर गेलं होतं आणि लेक मुकाट्याने फडकं घेऊन आली होती. एकदा बाजारात तिने लेकीचं मनगट असं काही पिळलं होतं, की फळवाल्याने नजर दुसरीकडे वळवली होती. हे सगळं तिने कधी धरलंच नाही. ती दातांच्या कवळ्या करणाऱ्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर टेबलावर परक्या माणसांचे प्लास्टरचे जबडे मांडलेले, तोंडं उघडी, आवाज नाही. गुलाबी मेणाची हिरडी करायची, तिच्यात एकेक दात रोवायचा, केसाएवढी कड खरवडायची. दाताचे डॉक्टर म्हणायचे, "बाई, तुमचा हात फार हलका." त्या हलक्या हाताने तिने मागच्याच आठवड्यात एक तयार जबडा मुठीत धरून टेबलाच्या कडेवर आपटला होता, पुन्हा आपटला होता, पार चुरा होईपर्यंत. शेजारच्या टेबलावरच्या बाईला म्हणाली, निसटला. शेजारच्या बाईने मान हलवली आणि झाडू आणून दिला. कवळी कुणाची होती कोण जाणे. आपटताना फार बरं वाटलं होतं, हे मात्र खरं.

आईचा हातही हलकाच म्हणायचे सगळे. घरात आई सगळ्यांच्या आधी उठे आणि सगळ्यांच्या नंतर टेके. सासू अंथरुणाला खिळली ती वर्षानुवर्षं, पण तिच्या पाठीला एक जखम झाली नाही. आई तिला ठरल्या वेळी कुशीवर वळवायची, पावडर लावायची, चादरीची एक सुरकुतीही खपवून घ्यायची नाही. वसाहतीतल्या निम्म्या पोरांचे शाळेचे कपडे तिच्या मशीनवर शिवलेले. आणि पाण्याच्या टाकीखालची ती रिकामी खोली मागून घेऊन तिने आणि नर्सबाईंनी केंद्र काढलं होतं. नर्सबाई सरकारी दवाखान्यातल्या, धिप्पाड, पुरुषी आवाजाच्या. खोलीत एक बाकडं, औषधांचं कपाट, दोन खाटा. घरात मार खाल्लेल्या बायकांनी तिथे यायचं. कुणी येऊ शकली नाही तर या दोघी तिच्या दारात जायच्या. नवरा दार अडवून उभा असायचा. कंडक्टर असो, कारकून असो, नाहीतर तालमीतला पहिलवान, सगळ्यांचं म्हणणं एकच, की हा आमच्या घरचा मामला आहे. आई एवढंच म्हणायची, "बाजूला व्हा." आवाज न चढवता. आणि ते व्हायचे. केंद्रात एक रीत तिने घालून दिली होती आणि ती मोडलेली तिला चालत नसे. काय झालं असं विचारायचं नाही. का मारलं हे तर नाहीच नाही. फक्त विचारायचं, कोणी? "काय झालं विचारलं की बाई गोष्ट रचते," आई नव्या आलेल्या बायकांना शिकवायची. "कोणी, असं विचारलं की गप्प बसते. गप्प बसली की समजायचं. आणि पहिल्यांदा मारलं का शंभराव्यांदा, हे मोजत बसायचं नाही. त्या दिवशी तिला त्या घरात परत पाठवायचं नाही, बस." ही रीत वसाहतीत पाठ होती. तिलाही पाठ होती. तिला हे कोणी विचारलं नव्हतं एवढंच.

कारण दुसऱ्याच्या दारातून आई घरी यायची ती चप्पल न काढता थेट माठापाशी. ती पाणी प्यायची. मग खिडक्या. आधी स्वयंपाकघरातली, मग बाहेरच्या खोलीतली, मग आतली, कधी क्रम चुकला नाही. बाबा वर्तमानपत्र खाली ठेवायचे आणि रेडिओ मोठा करायचे. त्यांनी कधी बोट लावलं नाही कुणाला. त्यांचं काम रेडिओपुरतं. मग आई शिवणाची लाकडी पट्टी घ्यायची. कारण काय असायचं? पेला उष्टा राहिला. पाढा चुकला. दप्तर वाटेत पडलं. कारणाला काय तोटा? वड्याचं तेल वांग्यावर काढतात तसं त्या कंडक्टरचं, कारकुनाचं, पहिलवानाचं सगळं पोटच्या पोरीच्या मांड्यांवर निघायचं, पाठीवर, दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे कपडा झाकेल तिथेच. आई ओरडायची नाही, शिव्या द्यायची नाही. ओठ मिटून, श्वास मोजत, शिवणाची टीप मारावी तशी ओळीने. आणि तिनेही ओरडायचं नाही, नाहीतर ओळ पुन्हा पहिल्यापासून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मग खिडक्या उघडायच्या, मग बर्फ यायचा रुमालातून, मग "कुठे दुखतंय?", आणि तो आवाज इतका मऊ असायचा की ती त्या बर्फाची वाट बघायची. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. आई फक्त तेव्हाच तिच्या अंगावरून हात फिरवायची, म्हणून ती वाट बघायची. दारावर कुणा बाईची थाप पडली की ती आपला पेला धुऊन पालथा घालायची. ती मनातल्या मनात त्या सगळ्या बायकांचे गळे दाबायची. खा ना मार तुझा तू, म्हणायची. इथे कशाला आणतेस?

लेकीने केस मोकळे सोडले होते. कान झाकला जाईल असे तिने स्वतःच पुढे घेतले, कुणी न सांगता. शिकवणीचं दप्तर तिने खांद्याला लावलं आणि दोघी सभागृहापर्यंत चालत गेल्या. वाटेत गॅरेजवाल्याने हात पुसत नमस्कार केला आणि म्हणाला, "ताईंसारखं माणूस पुन्हा होणे नाही." ती म्हणाली, "हो ना." लेकीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सभागृह भरलं होतं. लोखंडी खुर्च्या, गरगरणारे पंखे, टेबलावर आईचा फोटो आणि काचेच्या पेल्यात पांढरी फुलं. पहिल्या रांगेत बाबा, इस्त्रीच्या शर्टात, हनुवटी छातीला टेकवून. त्यांना आता ऐकू येत नव्हतं. डॉक्टर वयाचा दोष म्हणायचे, ती मनात म्हणायची, रेडिओचा. लेक मागे, दाराजवळच्या खुर्चीत बसली. एकेक जण उठून बोलत होता. लोक चांगलंच बोलत होते आणि ते सगळं खरं होतं, तिला त्रास व्हायचा तो त्याचाच. खोटं असतं तर थुंकून मोकळी झाली असती. मग इस्त्रीवाली उठली. तिला भाषणाची सवय नव्हती, ती पदराशी चाळा करत फोटोलाच सांगायला लागली.

"माझा माणूस कात्री घेऊन धावला होता. मोठी, कापड बेतायची. भर दुपार, दार उघडं, चार माणसं बघत उभी. ताई मधे आली आणि तिने पातंच धरलं. उघड्या हाताने. म्हणाली, ओढ. ओढ बघू. ह्याचा हात लुळाच पडला की. ताईच्या हातातनं रक्ताची धार लागलेली, आणि माझ्याकडे वळून म्हणते काय, मुलांच्या चपला घे, फरशी तापलीय." इस्त्रीवालीने फोटोला हात जोडले. ती तशीच खाली बसली, आणि कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

तिला तो दिवस आठवला. टाळ्या वाजत होत्या आणि तिला तो दिवस आठवत होता. आई उजव्या हाताला पांढरं बँडेज गुंडाळून घरी आली. नर्सबाईंनी नऊ टाके घातले होते. खिडक्या डाव्या हाताने लावायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ ती भिंतीला पाठ लावून उभी होती, कारण कुठे जायचं ते माहीत नव्हतं. पट्टीही डाव्या हातात आली. डाव्या हाताला नेम नव्हता. आईचा नेम कधी चुकत नसे, तो त्या दिवशी चुकला आणि पट्टी तोंडावर आली, एकदा ओठावर, एकदा डोळ्याखाली. तोंडात खारट झालं आणि एक दात पडला; दुधाचे दात कधीच पडून गेले होते, हा पडला तो कायमचा. आईने तो जमिनीवरून उचलला, धुतला, बघितला आणि कचऱ्यात टाकला. शाळेत कळवलं, गालगुंड, आठवडाभर येणार नाही. बँडेजमधून रक्त पुन्हा फुटलं होतं. बर्फ धरलेल्या रुमालाला दोघींचं लागलं. पुढे ती दात करायचंच काम शिकली. शेवटच्या आजारपणात आई एकदा उशीवरून तिच्याकडे बघत म्हणाली, "तुला मी कधी फार मारलं नाही, हो ना गं?" तिने चादरीची सुरकुती नीट केली. म्हणाली, "नाही गं आई." आईने समाधानाने डोळे मिटले. त्या क्षणी उशी उचलून त्या तोंडावर दाबावी असं तिला वाटलं होतं, सगळ्या अंगानिशी. आणि तिने उशी उचलली होती. पण ती थोपटून, फुगवून तिने पुन्हा मानेखाली सरकवली होती.

"आता ताईंची कन्या बोलतील," सेक्रेटरी म्हणाले. ती टेबलामागे जाऊन उभी राहिली. समोर इतकी तोंडं. मिटलेली, अर्धी उघडी, वाट बघणारी. "माझी आई," ती म्हणाली, "साऱ्या वसाहतीची ताई होती." आणि तेवढ्यात तिला मागे नर्सबाई दिसल्या. उशिरा आल्या होत्या, धापा टाकत, आणि दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीत बसता बसता त्यांनी सवयीने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला होता. हात फिरता फिरता थांबला. केस बाजूला झाले. चिकटपट्टी, तिच्यातून झिरपलेलं लाल, आणि मानेवर ब्रशच्या कडेचा वळ, आता निळा होत चाललेला. नर्सबाईंना हळू बोलता येत नसे. सभागृह शांत होतं, कारण सगळे तिच्या पुढच्या वाक्यासाठी थांबले होते, म्हणून ते सगळ्यांनाच ऐकू आलं.

"कोणी?"

"कपाटाचं दार लागलं, नर्सआजी," लेक लगेच म्हणाली. "मी वाकले होते ना, तेव्हा."

एकदम स्वच्छ. आवाज कापला नाही. वाकण्याचा तपशीलसुद्धा होता त्यात. हे तिला कुणी शिकवलं? मारल्यापासून तिने लेकीला एका शब्दाने सांगितलं नव्हतं, की कुणी विचारलं तर असं म्हण. म्हणजे हे तयार होतं. दुधाचं भांडं भिंतीवर गेलं तेव्हापासून, मनगट पिरगाळलं तेव्हापासून पोर तयारीत होती, कधी ना कधी लागेल म्हणून जपून ठेवलं होतं तिने हे कपाटाचं दार. तो जबडा आपटताना आलं होतं ते पुन्हा आलं. आधी ते नर्सबाईंवर होतं, ही कोण चौकशी करणारी, हिच्या त्या जाड मानेवर हे टेबल घालावं. मग फोटोवर. फोटोची काच मुठीने फोडावी, तुकडे मुठीत आवळावे, सगळ्यांच्या देखत. आणि मग ते कुठेच गेलं नाही, तिथेच छातीत उभं राहिलं. आत्ता फक्त सावलीचं वाक्य म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, नर्सबाई गप्प बसल्या असत्या, सगळे चहा पिऊन घरी गेले असते, आणि घरी खिडकी होतीच.

"मी," ती म्हणाली. "नर्सबाई, मी मारलं. खिडकी लावून मारलं."

लोकांना खिडकीचं काही कळलं नाही. कुणीतरी पुटपुटलं, दुःखाने भ्रमिष्ट झालीय बिचारी. सेक्रेटरी उठून तिला खुर्ची द्यायला लागले. पहिल्या रांगेत फक्त बाबांनी छातीवरची हनुवटी उचलली आणि ते तिच्याकडे बघत राहिले, ऐकू न येणाऱ्या माणसासारखे नाही. मग त्यांनी पुन्हा मान खाली घातली. मागे नर्सबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी एका हाताने लेकीचं दप्तर घेतलं, दुसऱ्या हाताने लेकीचा हात. हे त्यांनी इतक्या वेळा केलेलं होतं की त्यात घाई नव्हती. इस्त्रीवाली न बोलावता उठून लेकीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.

ती टेबलामागून निघून खुर्च्यांमधून धावत दाराशी आली. कशी आली ते तिला कळलं नाही. दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी हात लावून ती उभी राहिली, आणि धाप लागलेल्या आवाजात म्हणाली, "कुठे नेताय तिला? माझी मुलगी आहे ती. हा आमच्या घरचा मामला आहे."

बोलून झाल्यावर तिने ते ऐकलं. इस्त्रीवालीने मान खाली घातली.

"आज ती केंद्रात राहील," नर्सबाई म्हणाल्या. "उद्याचं उद्या बघू."

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता, भरल्या सभागृहात, सगळ्या खिडक्या उघड्या असताना. "माझं गालगुंड बघायला तुम्ही आला होता. ओठ फाटला होता माझा. तुम्हीच औषध लावलंत. मला का नाही विचारलं? एकदा. एकदा तरी विचारायचं, कोणी म्हणून."

नर्सबाईंचं मोठं तोंड क्षणभर वेडंवाकडं झालं. "विचारणारी तीच होती ना, पोरी," त्या म्हणाल्या. "मी कुणाला नेऊन कुणाच्या ताब्यात देणार होते?"

मग त्यांनी डोळे पुसले, दप्तर खांद्यावर सारखं केलं, आणि इतकी वर्षं पोरी म्हणणाऱ्या त्या बाईने तिला परक्या माणसाला म्हणावं तसं म्हटलं, "बाजूला व्हा, बाई."

"तिला अंधारात झोप येत नाही," ती म्हणाली. "दिवा लागतो तिला."

"तिला तोंड आहे. ती सांगेल."

लेक तिच्यासमोर उभी होती, हाताच्या अंतरावर. केसांची एक बट त्या चिकटपट्टीत अडकली होती आणि ती ओढली जात असणार, दुखत असणार. ती सोडवावी म्हणून तिने चौकटीवरचा हात काढला आणि पुढे केला. लेकीचं कोपर ताडकन वर आलं आणि तोंडावर आडवं झालं. डोळे घट्ट मिटलेले. सगळ्या सभागृहाने ते पाहिलं. कोपर थरथरत नव्हतं. ते पक्कं होतं, मार झेलायला नीट लावलेलं.

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले, एकात एक घट्ट धरले, आणि ती दारातून बाजूला झाली.